अ‍ॅव्होकाडो: गुण किती, गाजावाजा किती?

पाऊलखूण:
आठ महिने मी रोज सकाळी अर्धा अ‍ॅव्होकाडो खाल्ला. आवडतो म्हणून नाही, चांगला असतो म्हणून. गेल्या महिन्यात बंद केला. का, ते इथे मांडतोय, कारण माझ्यासारखे मन मारून खाणारे आणखीही असणार.

पहिली गोष्ट चवीची. गोड नाही, आंबट नाही, मीठ-लिंबू घातलं की जी चव येते ती मीठ-लिंबाचीच. पण एवढ्यासाठी लिहायला बसलो नसतो. हे फळ इतकं गाजलं कसं, ते वाचत गेलो आणि खटकत गेलं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत याला 'अ‍ॅलिगेटर पेअर' म्हणत, म्हणजे मगरीच्या कातडीचं पेअर. असल्या नावाचं फळ कोण घेणार? कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी १९१५ साली संघटना काढली आणि 'अ‍ॅव्होकाडो' हे नाव रुजवलं. पुढे १९८० च्या दशकात चरबीची धास्ती पसरली तेव्हा हेच फळ लोक टाळू लागले. मेक्सिकोच्या अ‍ॅव्होकाडोला बियांतल्या किडीमुळे १९१४ पासून अमेरिकेत बंदी होती. ती १९९७ पासून टप्प्याटप्प्यानं उठली आणि २००७ मध्ये सगळी राज्यं खुली झाली. एवढा माल येणार तर गिऱ्हाईकही तयार करावं लागतं. फळ आधीही तेच होतं, आताही तेच आहे. त्याच्याबद्दल आपल्याला जे सांगितलं जातं ते मात्र बदलत गेलं, आणि मी आठ महिने ते सांगणं खात होतो असं मला वाटतं.

अबोली:
पाऊलखूण, तुम्ही बहुतेक कच्चा खाल्लाय. रागावू नका, पण 'चव नाही' म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांचं तेच झालेलं असतं. अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही. झाडावर तो फक्त तयार होतो, मऊ पडतो तो तोडल्यानंतर. घाई असेल तर पिकलेल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवायचा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं दोन-तीन दिवसांत पिकतो. देठाची बोंडी नखानं अलगद काढून बघा: खाली हिरवं दिसलं तर कापा, तपकिरी दिसलं तर बहुधा उशीर झालाय. आणि कच्चा असतानाच फ्रीजमध्ये टाकू नका, पिकणं अडतं. नीट पिकलेला फोडला की गर चमच्यानं लोण्यासारखा सुटतो आणि दाण्यांसारखी खमंग, स्निग्ध चव येते. ती मला मनापासून आवडते, कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

आता 'सांगितलं जातं' त्याबद्दल. १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम स्निग्धांश, त्यातला १० ग्रॅमच्या आसपास एकेरी असंतृप्त, म्हणजे ऑलिव्ह तेलात असतो त्या जातीचा. तंतू जवळजवळ ७ ग्रॅम. साखर एक ग्रॅमही नाही. पोटॅशियम ४८५ मिलिग्रॅम, केळ्यात ३५८. शिवाय गाजर-टोमॅटोतलं कॅरोटीन अंगी लागायला सोबत स्निग्ध काहीतरी लागतं, ते हे फळ पुरवतं. यातलं जाहिरातदारांनी काय बनवलं?

कवडसा:
अबोलीताई, आकडे बरोबर आहेत, पण आकड्यांवरून जे निष्कर्ष काढले जातात तिथे घोळ होतो. २०२२ साली दोन अभ्यास आले. एकात लाखाहून जास्त लोकांच्या ३० वर्षांच्या नोंदी होत्या. आठवड्यात दोन किंवा अधिक वेळा अ‍ॅव्होकाडो खाणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका १६ टक्क्यांनी कमी दिसला. हे सगळीकडे गाजलं. पण असं खाणारी माणसं बाकीचंही जपून खातात, चालतात, तपासण्या करून घेतात. फायदा फळाचा की त्या राहणीचा, हे निव्वळ निरीक्षणातून पक्कं होत नाही.

दुसऱ्यात सुमारे १,००० जणांना दोन गटांत विभागून एका गटाला सहा महिने रोज एक अ‍ॅव्होकाडो दिला. पोटाच्या आतली चरबी कमी होईल अशी अपेक्षा होती, ती झाली नाही. वजन वाढलंही नाही, एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, किंचित उतरलं, एवढंच. आणि या प्रयोगाला पैसा अ‍ॅव्होकाडो उद्योगाकडूनच आलेला होता. त्यांनी निकाल लपवला नाही हे चांगलंच केलं. पण ज्या ज्या ठिकाणी पहिला अभ्यास वाचला, तिथे दुसरा मला क्वचितच दिसला. म्हणून पाऊलखूण यांची शंका मला रास्त वाटते, त्यांना फळ आवडो न आवडो.

गारवा:
चव आणि कोलेस्टेरॉलवर एवढं बोलताय, पण तो पिकतो कुठे त्याबद्दल अवाक्षर नाही!

चिलीमधलं पेटोर्का खोरं. तिथे १९८१ च्या जलकायद्यानं पाण्याचे हक्क खाजगी झाले, विकता-विकत घेता येऊ लागले. उघड्याबोडक्या डोंगरउतारांवर अ‍ॅव्होकाडोच्या हिरव्यागार बागा उठल्या, खाली नदी कोरडी, आणि गावकऱ्यांना पिण्याचं पाणी टँकरनं. मेक्सिकोतलं मिचोआकान राज्य २०२२ पर्यंत अमेरिकेला अ‍ॅव्होकाडो पाठवू शकणारं एकमेव राज्य होतं. तिथे पाइनची जंगलं तोडून बागा केल्या जातात, आणि गुन्हेगारी टोळ्या बागायतदारांकडून खंडणी वसूल करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका अमेरिकी तपासनिसाला धमकी आली तेव्हा आयात आठवडाभर बंद पडली होती. माझ्या ताटात हे नको. गुणकारी असला तरी नको.

अबोली:
गारवा, पेटोर्काचं वाचून मलाही वाईट वाटतं, ते नाकारत नाही. पण तराजू सारखा धरा. एक किलो अ‍ॅव्होकाडोला जगाच्या सरासरीनं सुमारे २,००० लिटर पाणी लागतं, एक किलो गोमांसाला १५,००० लिटरहून जास्त. चीजलाही याच्या दुपटीहून अधिक. मग गुन्हेगार हेच एक फळ कसं? पेटोर्कात चूक झाडाची नाही, पाणी विकायला काढणाऱ्या कायद्याची आहे. उद्या तिथे लिंबं लावली तरी नदी आटेलच.

आणि पाऊलखूण, हे फळ जाहिरातीनं जन्माला घातलेलं नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत माणसं ते हजारो वर्षं खात आलीत. नावसुद्धा तिथल्या नाहुआट्ल भाषेतल्या 'आवाकाट्ल' वरून आलंय. आज जगात सर्वांत जास्त खपणारी 'हास' जात रुडॉल्फ हास या कॅलिफोर्नियातल्या पोस्टमनच्या परसात उगवली. सांगतात की तो ते झाड काढणार होता, पण फळ मुलांना आवडलं म्हणून राहिलं. १९३५ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. जगातली सगळी हास झाडं त्या एका झाडाच्या कलमांची वंशज आहेत. ते मूळ झाड २००२ साली वाळलं. मुलांच्या जिभेवर ठरलेलं फळ आहे हे!

गारवा:
सरासरी पेटोर्काला लागू होत नाही, अबोली. २,००० लिटर पावसाच्या प्रदेशात वेगळे आणि आटलेल्या खोऱ्यात वेगळे. मी मांसही खात नाही, त्यामुळे तो तराजू माझ्यापुढे धरून उपयोग नाही.

निरांजन:
एक वेगळी गोष्ट. माझ्या वडिलांची मूत्रपिंडं कमजोर आहेत. कुणीतरी 'हृदयाला उत्तम' म्हणून सुचवलं आणि ते रोज एक खाऊ लागले. पुढच्या तपासणीत रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी सगळा आहार विचारला आणि हे पहिलं बंद केलं. वर अबोलीताईंनी कौतुकानं दिलेला ४८५ चा आकडा आमच्या घरी धोक्याचा आहे. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनाही या फळाचा त्रास होऊ शकतो. गुण सांगणारे हजार भेटले, हे सांगणारा एकही भेटला नाही, याचा मला अजून राग आहे.

अबोली:
निरांजन, वडील आता बरे असतील अशी आशा आहे. पोटॅशियमचं लिहिताना हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि यायला हवं होतं.

पाऊलखूण:
हासच्या मुलांची गोष्ट माहीत नव्हती. आणि हो, मी आणल्या दिवशीच फ्रीजमध्ये ठेवत होतो, दगडासारखा असताना. एकदा केळ्याबरोबर पिकवून बघतो. आवडला तर कधीमधी खाईन. पण 'रोज अर्धा, आरोग्यासाठी' हे परत सुरू करणार नाही. कवडसांनी सांगितलेल्या दुसऱ्या अभ्यासानंतर तर नाहीच.

अबोली:
बोंडी काढून बघायला विसरू नका. आणि मीठ-लिंबू पहिल्या घासाला नको.