फॉल्स लिहिलं तरी ट्रू! आर्गपार्समध्ये हो-नाही ऑप्शन घ्यायचा कसा?

रंगवाला_फोंडा
मंडळी डोकं फिरलंय. मामाचं फोंड्याला रंगाचं दुकान, चवथीच्या आधी उधारीची बिलं पीडीएफ करून गिऱ्हाइकांना मेल करायची म्हणून पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली, कमांड लाइनवरचे ऑप्शन वाचायला त्यातलं आर्गपार्स मॉड्यूल वापरलं. --मेल असा ऑप्शन, त्याला टाइप=बूल (म्हणजे ट्रू किंवा फॉल्स) दिलं, वाटलं झालं काम. काल टेस्टिंगला --मेल फॉल्स टाकून एंटर मारला आणि सगळ्यांना मेल गेले! एका पेंटरला तर कधीच फेडलेली उधारी परत गेली, सकाळी आठला तो दुकानात हजर. मामा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. फॉल्स दिल्यावर ट्रू कसं काय होतं? दुकानातल्या लॅपटॉपवर पायथन ३.८ आहे.

काजू_आणि_कोड
अरे यात सगळेच एकदा तरी पडतात. कमांड लाइनवरून जे येतं ते स्ट्रिंग (नुसता मजकूर) म्हणूनच येतं, आणि बूल त्या स्ट्रिंगचा अर्थ वाचत नाही, ती रिकामी आहे का एवढंच बघतो. फॉल्स ही पाच अक्षरांची भरलेली स्ट्रिंग, म्हणून ट्रू. 'नको रे बाबा' लिहिलं असतंस तरी मेल गेलेच असते. टाइप काढून ॲक्शन=स्टोअर_ट्रू कर. --मेल लिहिलं तर ट्रू, नाही लिहिलं तर फॉल्स, पुढे व्हॅल्यू द्यायचीच नाही. आणि पाठवायचं काम कधीही मुद्दाम सांगितल्याशिवाय होता कामा नये, चुकून विसरलास तर फक्त पीडीएफ बनतील.

म्हापशेचो_शुक्रार
वरचं बरोबर. पण कधी 'नको' पण स्पष्ट लिहायचं असतं, त्याला ३.९ पासून बूलियनऑप्शनलॲक्शन आहे, --मेल आणि --नो-मेल दोन्ही आपोआप मिळतात. तुझ्या ३.८ वर नाही चालणार, तिथे दोन ऑप्शन वेगळे लिही, एकाला स्टोअर_ट्रू, दुसऱ्याला स्टोअर_फॉल्स, दोघांचा डेस्ट (व्हॅल्यू ज्या नावाखाली साठते ते) एकच आणि डीफॉल्ट फॉल्स. दोघांना म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह ग्रुपमध्ये टाक म्हणजे दोन्ही एकदम दिले तर एरर येईल.

आणि जुन्या उत्तरांतून डिस्टयूटिल्स मॉड्यूलचं स्ट्रटूबूल (येस-नो मजकुराचं हो-नाही करणारं फंक्शन) उचलू नको, ३.१२ मध्ये डिस्टयूटिल्सच काढून टाकलंय. येस-नो व्हॅल्यू घ्यायचीच असेल तर स्वतःचं फंक्शन लिही, आलेला मजकूर लोअर (लहान अक्षरांत) करून येस, ट्रू, १ एका बाजूला, नो, फॉल्स, ० दुसऱ्या बाजूला, बाकी काहीही आलं तर सरळ आर्ग्युमेंटटाइपएरर. अंदाज बांधत बसायचं नाही.

रंगवाला_फोंडा
स्टोअर_ट्रू केलं. पण सवयीने परत --मेल फॉल्स बिलं.सीएसव्ही टाइप केलं तर म्हणतो बिलं.सीएसव्ही हे आर्ग्युमेंट ओळखत नाही. फाइल तिथेच आहे की!

काजू_आणि_कोड
हाहा, मेल आता व्हॅल्यू घेत नाही ना, म्हणून मोकळा पडलेला फॉल्स त्याने फाइलचं नाव म्हणून घेतला आणि तुझी खरी फाइल जास्तीची ठरली. बरं झालं एरर आला, नाहीतर पेंटर उद्या परत आला असता.

रंगवाला_फोंडा
चालू झालं! देव बरें करूं. मामाला अजून सांगितलं नाही.