अनुभव धागा: कॅन्सर आणि हृदयाभोवतीचं पाणी

मंगळवारपेठी:
परवा कुणीतरी विचारलं होतं, "कॅन्सरच्या पेशंटच्या हृदयाला पाणी झालंय म्हणतात, म्हणजे संपलं का?" त्याला दोन ओळींत उत्तर देणं जिवावर आलं, म्हणून हा धागा. ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनी लिहा: कसं कळलं, काय केलं, पुढं काय झालं. डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं नकोत, भांडणं होतात. औषधांचे डोसही नकोत.

सुरुवात माझ्यापासून. आईला स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) सगळं झालं आणि दोन वर्षं छान गेली. मग पावसाळ्याच्या तोंडावर जिना चढताना दम लागायला लागला. आडवी झाली की खोकला. रात्र रात्र लोडाला टेकून बसायची, नाहीतर मांडीवर उशी घेऊन पुढं वाकायची, तेव्हा जरा बरं वाटायचं. आम्ही आपले केमोचा अशक्तपणा धरून बीट-खजूर चारत बसलो. पायावर सूज बघून एका डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडली, वरचं बीपी ८४.

त्या रात्री टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली आणि कळलं. हृदयाभोवती दुपदरी पिशवी असते, तिच्यात पाणी साठून ती हृदयालाच बाहेरून दाबत होती. हृदय पुरतं उघडतच नव्हतं, मग भरणार कुठून? त्यात गोळीनं अंगातलं पाणी आणखी कमी केलेलं. इकोआधी ती गोळी दिली नसती तर बरं, एवढंच म्हणेन.

पाणी किती झालं की धोका, असं मी विचारलं. डॉक्टर इथलेच, कोल्हापूरचे. म्हणाले, "पंचगंगेचं बरं आहे, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. या पिशवीला तशी ठरलेली पातळी नसते. हळूहळू साठलं तर पिशवी ताणत जाते, लिटरभर पाणी घेऊनही माणूस चालत येतो. झपाट्यानं भरलं तर पाव लिटरसुद्धा जीव घेईल." सुई घालून नळी ठेवली, ७०० मिली निघालं, लालसर. तेही थांबून थांबून काढलं. सगळं एकदम उपसलं तर हृदयाला तो बदल झेपत नाही म्हणे. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. औषधं बदलली. त्याला १४ महिने झाले. आज सकाळी तिनं माझ्याशी गवारीवरून भांडण केलं.

इकोवाली:
मी इको करते, डॉक्टर नाही. टेबलावर पेशंट आडवा व्हायला तयार नसला की माझं लक्ष आधी त्या पिशवीकडं जातं. थोडं पाणी तिथं सगळ्यांनाच असतं, १५ ते ५० मिली, वंगणासारखं. एक्स-रेवर विसंबू नका, साधारण २०० मिलीच्या वर गेल्याशिवाय त्यात हृदय मोठं दिसत नाही. ईसीजीत कधी एक ठोका उंच, एक बुटका असं आलटून पालटून येतं, कारण हृदय पाण्यात झुलत असतं. पडद्यावर ते झुलताना बघितलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

आणखी एक. केमोच्या आधी आणि मध्ये इको सांगतात तेव्हा नातेवाईक फक्त ई-एफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) बघतात. ६० टक्के म्हटलं की खूश. पाणी भरलेलं असतानाही ई-एफ छान असू शकते! पेरिकार्डियमची, म्हणजे या पिशवीची, वेगळी ओळ असते, ती डॉक्टरांना वाचून दाखवायला सांगा.

ऊसकरी:
आमच्या आण्णांचं सांगतो. फुफ्फुसाचा कॅन्सर, बिड्या लई. पैल्यांदा पाणी झालं तवा नुसती सुई घालून काढलं आन् घरी सोडलं. आम्ही पण खूश, पेढं वाटलं. तीन आठवड्यांत परत तेच, व्हटं निळं पडलेलं. दुसऱ्या दवाखान्यात नेलं तर ते म्हणाले नळी का न्हाई ठेवली? आता ठेवायला पायजे हुती का न्हवती ते मला काय ठावं. ह्या वेळी पिगटेल नळी (टोकाला वेटोळं असलेली बारीक नळी) पाच दिवस ठेवली. मग छातीच्या हाडाखाली चिरून पिशवीला खिडकी पाडली, म्हंजे पाणी साठून ऱ्हाणार न्हाई.

परत पाणी झालं न्हाई. कॅन्सरनं सात महिन्यांनी नेलं, पण त्या हंगामात आण्णा रोज बांधापतुर चालत यायचे आन् तोडकऱ्यांस्नी शिव्या घालायचे. आडवं झोपायला मिळालं त्यांना, ह्ये लई मोठं हुतं.

सुनबाई:
आमच्या सासूबाईंनाही स्तनाचाच कॅन्सर, त्यामुळं पाणी दिसताच सगळ्यांनी "पसरला" म्हणून टाकलं. पुण्याहून दीर-जाऊ आले, आत्याबाई येऊन रडूनही गेल्या. पाणी तपासायला गेलं तर पेशी नाहीत. डॉक्टर म्हणाले, एकदा नाही आल्या म्हणून सुटलो असं नाही, पण एडीए (टीबीत पाण्यात वाढणारा एक घटक) जास्त आलाय, टीबीकडं बघू. बाकीच्या तपासण्यांतही टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या. कॅन्सरच्या माणसाला टीबी होऊ शकतो, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

म्हणून हात जोडून सांगते, पाणी काढलं की ते नुसतं फेकू देऊ नका. कुठं कुठं तपासायला पाठवलं ते विचारा. सासूबाई ठणठणीत आहेत आणि आत्याबाईंना अजून टोमणे मारतात.

निवृत्त मास्तर:
माझी गोष्ट उलट्या बाजूची आहे. १९८८ साली मला हॉजकिन लिंफोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर झाला. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन छातीला शेक घेतले, बरा झालो, नोकरी पूर्ण केली. २०१९ च्या महापुरानंतर पोट फुगू लागलं, पाय सुजले. वर्षभर लिव्हरची औषधं चालली. आयुष्यात दारूला शिवलो नाही, पण गल्लीत कुजबुज झालीच. शेवटी एका तरुण डॉक्टरनं मानेच्या फुगलेल्या शिरा बघितल्या आणि जुनी फाईल मागितली. सीटी स्कॅनमध्ये दिसलं, हृदयाची पिशवी जाड, चुन्यासारखी कडक झालेली. तीसहून जास्त वर्षांपूर्वीच्या शेकांचा हिशेब.

ती पिशवी सोलून काढायचं ऑपरेशन असतं, पण शेक घेतलेल्या छातीत ते फार जोखमीचं. झडपांवर आणि स्नायूवरही परिणाम झालेला. मी नको म्हणालो. लघवीच्या गोळ्यांवर आहे, मीठ तोलून खातो.

मंगळवारपेठी:
मास्तर, म्हणजे आईला ज्या गोळीनं पाडलं त्याच गोळीवर तुम्ही उभे आहात?

निवृत्त मास्तर:
होय. तिच्या पिशवीत पाणी कोंडलेलं, माझी पिशवीच आक्रसलेली. माझीही गोळी फार वाढली की डोळ्यांपुढं अंधारी येते, म्हणून दर महिन्याला बीपी आणि रक्त बघून ठरवतात. एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं वापरू नये. जुने कागदही जपा. माझी फाईल पुरात भिजली होती, बायकोनं पान न् पान इस्त्रीनं वाळवलं म्हणून १९८८ चा कागद हाती लागला.

रंकाळाफेरी:
मला इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) दुसऱ्या डोसनंतर छातीत टोचायला लागलं. मोठा श्वास घेतला की जास्त, वाकून बसलं की कमी. ॲसिडिटी समजून चार दिवस सोडा प्यायलो, शहाणपणा! पिशवीला सूज होती, पाणी थोडंच. हृदयाच्या स्नायूलाही सूज आहे का म्हणून ट्रोपोनिन ही रक्ततपासणी केली, सुदैवानं नव्हती. इम्युनोथेरपी थांबवली, स्टिरॉइड दिलं. औषधानंही हे होतं, एवढं नोंदवून ठेवतो.

नवीन सभासद:
वडिलांना परवा नळी घातली आहे. काल नळीला जोडलेल्या पिशवीत ११० मिली आलं, आज ६०. नळी कधी काढतात? इथं कुणी नीट सांगत नाही.

मंगळवारपेठी:
आमच्याकडं चोवीस तासांत २५-३० मिलीच्या खाली आलं तेव्हा काढली. रोज ठरावीक वेळेला आकडा वहीत लिहा आणि राउंडला वही पुढं करा. "किती निघालं?" याला "बरंच" हे उत्तर चालत नाही. आकडा एकदम शून्य झाला तर आनंद मानू नका, नळी तुंबली नाही ना ते सिस्टरना बघायला सांगा. ताप आला, नळीभोवती लाल झालं, तर लगेच सांगा.

नवीन सभासद:
आज २०. परत इको करून दुपारी काढणार म्हणाले. रात्री सरळ झोपले, घोरत होते. उठल्या उठल्या कटवडा मागितलाय. देऊ का?

मंगळवारपेठी:
डॉक्टरांना विचारून द्या. आणि कट कमी घाला.