मदत हवी आहे: मालवण-देवबाग बोट सहल, पहिल्याच दिवशी समुद्रात जावं की खाडीत?

मंडळी, डिसेंबरात आम्ही कॉलेजचे सहा मित्र मालवणला जातोय. रात्रीची कोकणकन्या, सकाळी कुडाळ, पुढे रिक्षाने मालवण. गाडी वेळेवर आली (हसू नका) तरी जेट्टीवर दहा वाजून जाणारच. बेत ठरवणाऱ्या मित्राचं म्हणणं असं की सामान बोटीतच टाकू, सिंधुदुर्ग किल्ला बघू, तिथून समुद्रातून थेट निवती, वाटेत डॉल्फिन, आणि येताना कर्ली खाडीच्या तोंडातून आत शिरून देवबागला मुक्काम. सगळं पहिल्याच दिवशी!

मला हे पटत नाहीये. देवबागच्या एका बोटवाल्या काकांना फोन केला तर ते म्हणाले, "सकाळी दर्या गप आसता, दुपारी वारो सुटता. निवतीक जावचा आसात तर सातांक निघाक व्हया."

त्यात आम्ही पोचतोय ती नेमकी अमावास्या, म्हणजे उधाण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, असं आजोळी ऐकलंय. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारभर ओहोटी. तीनच्या सुमाराला खाडीचं पाणी जोरात बाहेर आणि वारा समुद्रावरून आत. तोंडाशी लाटा उभ्या राहणार, आणि आम्ही तिथूनच आत शिरणार. माझं काही चुकतंय का?

शिवाय आमच्यातल्या एकाला बोट लागते. मांडव्याच्या लाँचमध्ये तो कठड्याला मिठी मारून बसला होता, वेफर्सचं पाकीट न फोडता तसंच हातात. दुसऱ्याला पोहता येत नाही, आणि वजन शंभरच्या वर, मागे एकदा लाइफ जॅकेटचे पट्टेच लागेनात.

माझा पर्याय: पहिल्या दिवशी नेहमीच्या होडीने किल्ला, मग रस्त्याने देवबाग, जेवण, आणि चारनंतर फक्त खाडीत फेरी. ओहोटीला खाडीतल्या त्सुनामी बेटाची वाळूही उघडी पडलेली असेल. निवती दुसऱ्या दिवशी सकाळी. जाणकारांनी सांगावं, म्हणजे ग्रुपवर चिकटवता येईल. माझं कोणी ऐकत नाही.

प्रतिसाद: मालवणचाच आहे. बेत तुमचाच बरोबर. मालवणात भरती मुंबईच्या आधी लागते, तेव्हा मुंबईचं कोष्टक बघून निघू नका. तुमचा सव्वाअकराचा अंदाज चालून जाईल, नक्की वेळ बोटवाल्याला विचारा. संध्याकाळी खाडीत पाणी उतरलं की बोट वाळूला टेकते, तेव्हा वाट त्याला ठरवू द्या. आणि खाडी-समुद्राच्या संगमाच्या टोकाला पाण्यात उतरू नका. वरून शांत दिसतं, खाली ओढ असते.

प्रतिसाद: एवढं काय घाबरता? आम्ही दुपारी तीनलाच निवतीहून आलो होतो. मजा आली, सगळे चिंब.

प्रतिसाद: वरच्यांसोबत बोट लागणारा कोणी नसावा 😀 अ‍ॅव्होमिन (बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी) निघायच्या तासभर आधी द्या, उलट्या सुरू झाल्यावर देऊन उपयोग नाही. झोप येते, शिवाय दुसरी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. उपाशी नको आणि वडे-भजीही नकोत. त्याला बोटीच्या मध्यावर बसवा, नाळेवर (पुढच्या टोकाला) नाही. नजर लांब क्षितिजाकडे, मोबाइल खिशात.

धागाकर्ता: आभार! दुपारी तीनवाला प्रतिसाद वगळून बाकीचं ग्रुपवर टाकतो. जॅकेटचं मात्र राहिलं.

प्रतिसाद: ते फोनवर ठरत नाही. बोटीत बसायच्या आधी किनाऱ्यावरच घालून बघायला लावा. सगळे पट्टे लागले पाहिजेत, आणि खांद्याला धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत सरकता कामा नये. मोठं माप नसेल तर दुसरी बोट बघा. पैसे जॅकेट बसल्यावरच द्या.