मदत हवी आहे: प्राणिसंग्रहालयात आधी काय बघावं?

येत्या रविवारी आम्ही पाच मैत्रिणी शहरातलं प्राणिसंग्रहालय बघायला जाणार आहोत. प्रवेश मोफत, त्यामुळे गर्दी होणारच. मागच्या वेळी भर दुपारी गेलो, तर सिंह सावलीत आडवा पडलेला. शेपटीचा गोंडा तेवढा अधूनमधून हलायचा. सिंह दिवसाचे १६ ते २० तास आरामातच काढतो, हे नंतर कळलं. म्हणून यंदा दार उघडताच आत शिरायचं ठरवलंय. पण आधी वाघ-सिंह गाठावेत की हत्ती? पाणघोडे चरायला रात्री निघतात, मग सकाळी ते पाण्याबाहेर दिसतात का? एकीचा गुडघा दुखतो, तेव्हा फार चालावं लागणार नाही असा क्रम कुणी सुचवाल का? माकडांपाशी मात्र आम्ही तासभर थांबणारच!