मदत हवी आहे: तंजावरच्या संशोधनासाठी परदेशी सरकारी अनुदान

मोडीवाचक:
तातडीने मदत हवी. विषय तंजावरचे भोसले. पुढचे कागद परदेशात आहेत, निदान वर्षभर तिथे बसावं लागेल. कुठल्या देशाचं सरकार अशा कामाला पैसे देतं? इथे एकीकडे अर्ज केला होता. आठ महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, 'विषय उपयोजित नाही.' गूगल करून झालंय.

दूरदेशी:
कुठला देश? पीएचडी झाली की चालू आहे?

कृष्णाकाठ:
आयसीएसएसआरला टाका. माझ्या भावाला मिळालं.

जुना विद्यार्थी:
अहो, ती समाजविज्ञानांची संस्था, १९६९ची. इतिहासासाठी १९७२पासून आयसीएचआर वेगळी आहे.

कृष्णाकाठ:
भावाचा विषय पेशवाईतला शेतसारा होता. तो इतिहास नाही का?

नवखा:
नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप बघा, अनुसूचित जातींसाठी आहे.

जुना विद्यार्थी:
त्यांनी जात सांगितलेलीच नाही. शिवाय २०२२च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास असे विषय वगळले. ज्यांच्यासाठी योजना, त्यांनाच स्वतःच्या समाजाचा इतिहास बाहेर जाऊन अभ्यासता येऊ नये, हे मला फार लागलं.

टेम्सकाठी:
ब्रिटनचं एएचआरसी, म्हणजे कला आणि मानव्यविद्यांच्या संशोधनाला पैसे देणारं तिथलं सरकारी मंडळ. पण पैसे तिथल्या विद्यापीठामार्फत येतात, बाहेरून थेट अर्ज चालत नाही. अमेरिकेचा नाद सोडा. एनईएच या तिथल्या सरकारी मानव्यविद्या संस्थेच्या फेलोशिपला नागरिकत्व किंवा तीन वर्षांचा रहिवास लागतो, आणि एप्रिल २०२५मध्ये त्यांनी चालू असलेली हजाराहून जास्त अनुदानं रद्द केली.

शाईदौत:
आधी मोडी शिका. रोज एक पान गिरवलं की तीन महिन्यांत हात बसतो.

मोडीवाचक:
मोडी दहा वर्षं वाचतेय हो! देश जर्मनी, गाव हाले. तंजावरच्या सरफोजीराजांना श्वार्ट्झ या मिशनऱ्याने शिकवलं. त्या मिशनची पत्रं, रोजनिशा तिथल्या फ्रांके प्रतिष्ठानात आहेत. पीएचडी गेल्या वर्षी झाली.

दूरदेशी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! मग हुम्बोल्ट फेलोशिप. तिचा बहुतांश पैसा जर्मन सरकारचा. पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, सहा ते चोवीस महिने. देशाचा किंवा विषयाचा कोटा नाही, अर्ज केव्हाही करा. तिथल्या प्राध्यापकाचं होस्ट म्हणून पत्र लागेल. जर्मन येतं का? कागद जर्मन असतील तर ते विचारतातच.

मोडीवाचक:
जर्मनची बी-२ पातळी झालीय. पण कागदांवरचं हस्ताक्षर जुनं, कुरेंट नावाच्या जर्मन वळणाचं. एका पत्राची प्रत मागवलीय. ई आणि एन सारखेच दिसतात, ओळीच्या शेवटी अक्षरं एकमेकांत शिरलेली. दोन तासांत चार ओळी लागल्या.

शाईदौत:
म्हणजे आपल्या मोडीसारखंच, हात न उचलता!

टेम्सकाठी:
युरोपियन युनियनची मारी क्युरी फेलोशिपही बघा. गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीत राहिला नसाल तर चालेल.

मोडीवाचक:
एकदाच गेले, सहा आठवडे. होस्टला पहिल्या मेलमध्ये काय पाठवू? अख्खा प्रबंध?

दूरदेशी:
नको. दोन पानी आराखडा, छापून आलेल्या लेखांची यादी आणि त्या चार ओळींचं वाचन, मूळ प्रतीसकट.