नदीला खारं पाणी उन्हाळ्यातच का चढतं? पंप कधी लावू?

काठचा_मळा
नमस्कार मंडळी, आमचं गाव शास्त्री नदीकाठी, जयगडपासून बरंच आत. नदीवर पंप लावून मिरची-वांगी करतो. पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं पण जानेवारीपर्यंत गोडंच असतं, मार्चअखेर मचूळ लागायला लागतं आणि यंदा एप्रिलमधे मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या. भरती तर बारा महिने येते, मग हे उन्हाळ्यातच का? आणि पंप नेमका कधी चालवू?

खाडीवाला
दादा, पाणी चढलं म्हणजे समुद्राचं पाणी तुमच्यापर्यंत पोचलं असं नाही. भरती मुखाकडून रेटा देते, त्याने वरून येणारं गोडं पाणी तुंबतं आणि तेच तुमच्या काठाला चढतं, खारं पाणी खूप मागे असतं. पावसाळ्यात नदीच त्याला समुद्राकडे रेटते. पऱ्हे, म्हणजे डोंगरातले ओढे, आटले की रेटणारं कोणी उरत नाही, मग रोजच्या भरती-ओहोटीत घुसळण होऊन खारटपणा हळूहळू वर सरकतो. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत कोयना धरणाचं वीज करून सोडलेलं पाणी उन्हाळ्यातही उतरतं, तो रेटा शास्त्रीला नाही.
पंप ओहोटीच्या शेवटाला चालवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीन, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण.

दर्यावर
आणि फूटव्हॉल, म्हणजे पंपाच्या पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाची झडप, तळाशी ठेवू नका! समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, ते गोड्यापेक्षा जड, म्हणून तळाने घुसतं. रिकाम्या कॅनला बांधून फूटव्हॉल वरच्या थरात तरंगता ठेवा.

खाडीवाला
हे भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसात बरोबर, सप्तमी-अष्टमीला ओढ कमी असते, थर वेगळे राहतात. पण अमावस्या-पुनवेच्या उधाणाला पाणी एवढं घुसळतं की वर-खाली फारसा फरक राहत नाही, तेव्हा वेळच सांभाळायला लागते. उधाणाला खारं पाणी जास्त आत येतं तसं ओहोटीला जास्त मागेही जातं.

मांडवीकाठ
गोव्यात आमच्या खाजनांना, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांना, मानस नावाची झडप असते, तिची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. तुमच्याकडे उघाडी म्हणतात तेच. मळा सखल असेल तर बांधाला भोक पडलंय का तेही बघा, कारण जमिनीत मीठ मुरलं तर नुसती पंपाची वेळ बदलून भागायचं नाही.

काठचा_मळा
मनापासून आभार, मी इतकी वर्षं भरतीलाच पंप लावत होतो कारण पाणी जवळ येतं म्हणून सोपं पडायचं. बांध उद्याच फिरून बघतो. आज षष्ठी, म्हणजे भरती साडेचार आणि ओहोटी साडेदहा ना?

खाडीवाला
ते किनाऱ्यावर. तुमच्याकडे आत यायला वेळ लागतो, काठाला खुणेची काठी रोवून दोन दिवस बघा किती उशीर होतो ते, आणि तेवढा उशीर रोज धरा.