नवीन स्किमर सतत उतू जातोय
प्रश्न: समुद्री माशांच्या टँकच्या संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) नवा प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बसवलाय, पण त्याचा घाण जमा होणारा कप नुसता पाण्याने भरतोय, घट्ट काळपट फेस येतच नाही, काय करू?

उत्तर: नवीन आहे ना, थांब जरा. आतलं तेलकटपण जाऊन सूक्ष्मजीवांचा पातळ थर बसायला 1-2 आठवडेही लागतात, तोवर आउटलेटचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेव म्हणजे आतलं पाणी खाली राहील, मग रोज थोडाथोडाच बंद करत जा, एकदम नको.

उत्तर: संपची पातळी आधी बघ! बाष्पीभवनाने ती खालीवर झाली की सेटिंग बिघडतंच, म्हणून पातळी स्थिर राहते त्याच कप्प्यात स्किमर ठेव.

उत्तर: वॉटर कंडिशनर (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) किंवा इपॉक्सी (दगड-कोरल चिकटवायचा गोंद) वापरलंयस का? त्यानेही असंच होतं. आणि पुढे कधी फेस कमी झाला तर हवेच्या नळीत मीठ साचलेलं असतं, त्या नळीतून स्किमरला कोमट गोडं पाणी ओढू दे.